तळे कोणाचे, पाणी कोणाचे? : चवदार तळ्याच्या दाव्याचे एक वाचन

पाण्याचा वकील म्हटले की आज आपल्या डोळ्यांसमोर लवादाचे दालन येते. कृष्णा, गोदावरी, नर्मदा, कावेरी या नद्यांची वाटणी करणारे लवाद आणि त्यांच्यापुढे वर्षानुवर्षे उभे राहणारे ज्येष्ठ विधिज्ञ. १९६९ साली नेमलेल्या बच्छावत लवादाने कृष्णेचे ७५ टक्के विश्वासार्हतेचे पाणी २०६० अब्ज घनफूट धरले आणि त्यातले महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि आंध्र प्रदेशाला ८०० असे वाटून दिले. 'टीएमसी' हा शब्द तेव्हापासून आपल्या वर्तमानपत्रांत, निवडणुकीच्या सभांत आणि पारावरच्या गप्पांतही रुळला. या वकिलांचे काम मोठे आहे, त्यांचा अभ्यास दांडगा आहे. पण त्यांचा पक्षकार एकच असतो : राज्य. १९५६ च्या आंतरराज्य नदी पाणी तंटा कायद्याखाली तक्रार घेऊन जाण्याची मुभा राज्य सरकारलाच आहे. त्यामुळे लवादाच्या निवाड्यात धरणे असतात, खोरी असतात, पिके असतात. हंडा घेऊन उभा असलेला माणूस नसतो.

तो माणूस ज्यात पक्षकार होता असा पाण्याचा एक दावा मराठी मुलखात होऊन गेला आहे. त्याचा विषय नदी नव्हती, चार-पाच एकरांचे एक तळे होते. तो महाडच्या दुय्यम न्यायाधीशांच्या कोर्टात १९२७ साली दाखल झाला आणि मुंबई उच्च न्यायालयात १९३७ साली संपला. महाडच्या सत्याग्रहावर मराठीत विपुल लेखन झाले आहे. पण ते बहुतेक २० मार्चच्या ओंजळभर पाण्याबद्दल आणि २५ डिसेंबरच्या मनुस्मृतिदहनाबद्दल. मधल्या दहा वर्षांच्या कोर्टकज्जाला सहसा एक वाक्य मिळते : 'पुढे उच्च न्यायालयानेही निकाल अस्पृश्यांच्या बाजूने दिला.' हे वाक्य खोटे नाही. पण ते इतके घाईचे आहे की त्या निकालाने काय दिले आणि काय हातचे राखले, हे त्यात दिसत नाही. या लेखाचा प्रयत्न तो दावा आणि त्याचे निकालपत्र एक संहिता म्हणून वाचण्याचा आहे. पाण्याच्या कायद्याची मराठी मुलखातली गुंतागुंत कुठे सुरू होते, हे त्यातून कळते असे मला वाटते.

दाव्याची मांडणी

घटनाक्रम थोडक्यात असा. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा तो ठराव. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे खुले केले. ते अर्थात कागदावरच राहिले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली परिषदेचे प्रतिनिधी तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. मग हल्ला झाला, नंतर तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोले ठरावाला बरोबर चार वर्षे होत असताना, नगरपालिकेने आपला जुना ठराव मागे घेतला. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तेव्हा सवर्ण मंडळी कोर्टात गेली. १२ डिसेंबरला दावा आणि १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम.

वकिली कामाच्या दृष्टीने वादपत्राची मांडणी पाहण्यासारखी आहे. पहिली गोष्ट, दावा प्रातिनिधिक होता. वादींनी तो स्पृश्यांच्या वतीने लावला आणि आंबेडकर व इतर प्रतिवादींना अस्पृश्यांचे प्रतिनिधी म्हणून उभे केले. दिवाणी प्रक्रियेतली ही साधी तरतूद. तिचा परिणाम मात्र असा की एका हुकुमाने एक अख्खा समाज बांधला जातो. दुसरी गोष्ट, दाव्याला दोन पाय होते : तळे आमच्या खाजगी मालकीच्या स्वरूपाचे आहे, आणि ते वापरण्याचा हक्क वहिवाटीने फक्त स्पृश्यांचा आहे. तर्काने पाहिले तर हे दोन पाय एकमेकांत अडकतात. स्वतःच्या मालकीचे तळे असेल तर वहिवाट सांगण्याची गरज काय? आणि वहिवाट सांगायची तर मालक दुसरा कोणीतरी आहे, हे अर्धे कबूलच झाले. अर्थात पर्यायी बाजू मांडणे हा वकिलाचा हक्क आहे, त्यात गैर काही नाही. लक्षात घेण्याजोगे हे की अस्पृश्यता या दाव्यात उतरली ती मालमत्तेच्या भाषेत. गावात जिला विटाळ म्हणत, तिचे कोर्टाच्या दारात नाव वहिवाट झाले.

'वहिवाट' हा मराठी शब्द मोठा सोयीचा आहे. ताबा, वापर, रूढी, रस्त्यावरून जाण्याचा हक्क, कारभार अशा सगळ्या अर्थच्छटा तो पोटात घेतो. ज्याने वापरले त्याची वहिवाट, हे सरळ आहे. पण ज्याने वापरले नाही, त्याच्या न वापरण्याचीही वहिवाट होते का? भीतीने कोणी पिढ्यान्‌पिढ्या तळ्याकडे फिरकला नाही, तर ते न फिरकणे दुसऱ्याचा हक्क होऊ शकते का? दाव्याचा खरा प्रश्न हा होता. दलित आत्मकथनांत पाणी वरून ओतले जाते आणि खाली ओंजळ धरलेली असते. तिथे तहानलेला माणूस पानावर हजर असतो. वादपत्रात त्याची गैरहजेरी हाच पुरावा होता.

मनाई हुकूम आणि वकिलाचा पेच

२५ डिसेंबरला हजारो माणसे महाडला जमली, तेव्हा कोर्टाचा हुकूम लागू झालेला होता. जमलेल्यांची तयारी तुरुंगात जाण्याची होती. बाबासाहेबांनी अखेर सत्याग्रह तहकूब करायला लावला. झगडा सवर्णांशी आहे, सरकारशी नाही; हुकूम मोडला तर तो सरकारशी होईल, हा विचार त्यामागे होता. या निर्णयावर तेव्हाही नाराजी होती आणि नंतरच्या काही अभ्यासकांनी त्यात माघार पाहिली आहे.

मला तो निर्णय वकिलाचा वाटतो आणि वकिलाचा म्हणूनच समजून घ्यावासा वाटतो. ज्याला कोर्टाकडून उद्या हुकूम हवा आहे, त्याला आजचा अन्यायकारक हुकूमही मोडता येत नाही; तो मोडला तर उद्या समोरचा पक्षही मोडेल, आणि समोरच्याकडे माणूसबळ, पैसा, गाव सगळेच आहे. दुबळ्याला कायद्याची जास्त गरज असते, म्हणून हुकूम पाळण्याची किंमतही त्यालाच जास्त मोजावी लागते. हा मनाई हुकूम २३ फेब्रुवारी १९२८ रोजी उठला, तो कोर्टातच.

या पेचाची दुसरी बाजू अलीकडच्या कावेरी प्रकरणात दिसली. २०१६ च्या सप्टेंबरात कर्नाटकाने पाणी सोडण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा हुकूम पाळला नाही, तेव्हा अनेक वर्षे त्या राज्याची बाजू लढवणारे फली नरिमन यांनी पुढचा युक्तिवाद करण्यास नकार दिला. तिथे पक्षकार बलवान होता आणि हुकूम मोडणाराही तोच होता. महाडला पक्षकार दुबळा होता आणि त्याने हुकूम पाळला. पाण्याच्या प्रत्येक तंट्यात लोकांच्या तहानेचा दाब वकिलाच्या पाठीवर असतो. त्या दाबाखाली पक्षकाराला 'थांब' असे सांगता येणे, हे या व्यवसायातले सर्वांत अवघड काम असावे.

निकालपत्र काय म्हणते

दावा महाडच्या कोर्टात जून १९३१ मध्ये निकाली निघाला, वादी हरले. ठाण्याच्या अपिलातही १९३३ मध्ये हरले. मग ते दुसऱ्या अपिलात मुंबई उच्च न्यायालयात गेले. तिथे १७ मार्च १९३७ रोजी निकाल लागला. निकालपत्र न्या. ब्रूमफील्ड यांचे. १९२२ साली अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे आणि १९२८ साली बारडोलीच्या साराबंदीनंतर चौकशी करणारे तेच हे ब्रूमफील्ड.

निकालपत्र आकाराने लहान आहे आणि त्याचा सूर थंड आहे. ते तळ्याचे वर्णन एखाद्या सर्वेयरसारखे करते. तळे काहीसे नैसर्गिक, काहीसे बांधीव. भोवती नगरपालिकेचे रस्ते, त्यापलीकडे घरे, काठाला घरमालकांच्या अरुंद पट्ट्या आणि पायऱ्या. पाणी पावसाचे आणि थोडेसे झऱ्यांचे. मुसलमानही ते पाणी वापरत. मालकीचा पाय इथवर येईतो निखळला होता, उरला होता तो वहिवाटीचा.

वहिवाटीवर हक्क सांगायचा तर ती अनादि असावी लागते. इंग्रजी कायद्याने या 'अनादि'ची सीमा ११८९ साल ठरवली होती. हिंदुस्थानात इतके मागे जाण्याची सक्ती नव्हती, पण वहिवाट आठवणीपलीकडची आहे असे अनुमान काढता येईल इतका पुरावा हवाच होता. ब्रूमफील्ड यांच्या तर्काचा गाभा इथे आहे. अलीकडच्या काळात अस्पृश्य तिथे पाणी भरत नव्हते, हे पुराव्यातून पुढे आले होते. पण तळे शेकडो वर्षांचे, आणि घरे त्याच्याभोवती केव्हातरी नंतर उभी राहिलेली. सवर्णांची घरे सभोवती येण्यापूर्वी एवढ्या मोठ्या उघड्या पाण्यावर कोणी एकट्याचा हक्क राखण्याची खटपट केली असेल, हे न्यायालयाला संशयास्पद वाटले. म्हणजे आज दिसणारे न वापरणे फार मागे नेता येत नाही. वहिवाट शाबीत नाही. अपील खर्चासह फेटाळले.

यापुढचा भाग आपल्या लेखनात जवळजवळ येतच नाही. वहिवाट शाबीत झाली असती तर आणखी काही प्रश्न विचारात घ्यावे लागले असते, असे निकालपत्र शेवटी नोंदवते. अशी वहिवाट अवाजवी किंवा सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे का? (हा मुद्दा खाली रीतसर मांडलेला नव्हता, हेही ते सांगते.) तळे कायद्याने नगरपालिकेकडे निहित झाले, याचा परिणाम काय? आणि कायद्याने जी मालक आहे ती नगरपालिका दाव्यात पक्षकारच नसताना वादींना काही देता आले असते का? या प्रश्नांत शिरण्याची गरज नाही आणि शिरणे इष्टही नाही, असे म्हणून निकालपत्र थांबते.

तीन दारे दाखवली आणि तिन्ही बंद ठेवली. माणसाला पाण्यापासून तोडणारी रूढी मुळातच टिकाऊ आहे का, हे १९३७ साली ठरले नाही. सार्वजनिक संस्थेकडे पाणी असणे याचा अर्थ तिच्यावर कोणती जबाबदारी येते, तेही ठरले नाही. नगरपालिकेने तर एकदा तळे खुले केले, एकदा मागे घेतले आणि दहा वर्षांच्या दाव्यात ती बाहेरच राहिली.

या निकालाकडे पाहण्याच्या दोन रीती आपल्याकडे संभवतात. एक गौरवाची : न्यायालयाने समतेचा हक्क मान्य केला. निकालपत्र वाचल्यावर ही टिकत नाही. 'समता' हा त्याचा आधारच नाही. दुसरी तुच्छतेची : हा केवळ तांत्रिक विजय होता. तीही पुरेशी नाही. त्या काळचे पूर्वनिर्णय आठवावेत. १९०८ साली प्रिव्ही कौन्सिलने कामुदीच्या देवळात नाडरांना प्रवेश नाकारणारी रूढी कायदेशीर ठरवली होती. अशा कायद्यापुढे 'ही रूढी अन्याय्य आहे' एवढ्यावर बाजू उभी करणे म्हणजे हरण्याची तयारी ठेवणे. त्याऐवजी शाबितीचा भार वादींच्या खांद्यावर ठेवायचा आणि 'दाखवा पुरावा' म्हणून दहा वर्षे ठाम उभे राहायचे, ही चोख वकिली होती. अरुंद पायवाट होती, म्हणूनच पलीकडे जाता आले. मात्र पायवाट अरुंद होती हे विसरून तिला राजरस्ता म्हणू नये.

बंद दारे पुढे कोणी उघडली?

राज्यघटनेची तीन कलमे या निकालपत्राशेजारी ठेवून वाचावीत. कलम १३ मध्ये 'कायदा' या शब्दात रूढी आणि वहिवाट यांचाही समावेश आहे. मूलभूत हक्कांशी विसंगत रूढी तेवढ्यापुरती शून्य. हे पहिल्या दाराचे उत्तर. कलम १५(२) विहिरी, तलाव, स्नानघाट यांचा नाव घेऊन उल्लेख करते आणि तिथे जातीवरून मज्जाव करता येणार नाही असे सांगते. हे दुसऱ्याचे. आणि कलम १७ अस्पृश्यताच नष्ट करते. मसुदा समितीचे काम अनेक हातांचे होते, त्यामुळे इथे मुद्दा श्रेयाचा नाही, प्रश्नांच्या क्रमाचा आहे. एका दुसऱ्या अपिलात 'इष्ट नाही' म्हणून बाजूला ठेवलेले प्रश्न तेरा वर्षांत देशाच्या मूलभूत कायद्यात उत्तरासकट आले, आणि मसुदा समितीचे अध्यक्ष त्या दाव्यातले प्रतिवादी होते.

पण कलम १५(२) नीट वाचले तर जुन्या प्रश्नाची सावली तिथेही दिसते. तलाव कोणता? तर पूर्णतः वा अंशतः राज्याच्या पैशातून राखलेला, किंवा सर्वसाधारण जनतेच्या वापरासाठी अर्पण केलेला. म्हणजे दारातला पहिला सवाल अजूनही 'तळे कोणाचे?' हाच. १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याने नदी, झरा, विहीर, नळ अशी यादी लांबवली. पण इतर जनतेला जिथे हक्क आहे तिथेच, ही अट राहिली. कागदावरचा हक्क गावात पोचायला किती वेळ लागतो, हे १९९२ च्या आप्पा बाळू इंगळे प्रकरणात दिसते. कर्नाटकातल्या एका गावी दलितांना नव्या कूपनलिकेवर दटावून अडवले गेले. उच्च न्यायालयाने आरोपींना सोडले होते. सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा पुन्हा कायम केली. महाडनंतर ६५ वर्षांनी.

मग २०१४ चा मुंबईचा निकाल. पाणी हक्क समितीने मुंबई महानगरपालिकेविरुद्ध याचिका केली होती. सरकारने ठरवलेल्या मुदतीनंतर, म्हणजे १ जानेवारी २००० नंतर उभ्या राहिलेल्या झोपड्यांना पाणी नाकारले जात होते. जागा बेकायदा, म्हणून पाणी नाही, असा पालिकेचा पवित्रा. १५ डिसेंबर २०१४ रोजी उच्च न्यायालयाने सांगितले की पिण्याचे पाणी हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. झोपडी बेकायदा असली तरी माणसाला पाणी पूर्ण नाकारता येणार नाही. महाडच्या दाव्याशी याचे नाते दोन ठिकाणी जुळते. इथे महानगरपालिका पक्षकार होती, तिला उत्तर द्यावे लागले. आणि पाण्याचा हक्क पहिल्यांदाच जागेच्या हक्कापासून सुटा झाला. अर्थात न्यायालयाने हात राखला : कायदेशीर घरांच्या बरोबरीने पाणी मागता येणार नाही, सार्वजनिक नळ चालतील, दर जास्त लावता येईल. पुन्हा एक अरुंद पायवाट. पण दिशा बदललेली.

शेताच्या बांधावर

पिण्याच्या पाण्यात झालेली ही हालचाल शेतीच्या पाण्यात झाली नाही. १९७६ चा महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम पाणी देतो ते लाभक्षेत्रातल्या जमिनीला. २००५ च्या शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाच्या कायद्यातही पाणी वापर संस्थेचे सभासदत्व जमिनीशीच जोडलेले आहे. त्याच वर्षीच्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्याने 'समन्यायी' हा सुंदर शब्द आणला. त्यावर मोठी लढाई झाली ती जायकवाडीची. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर नगर-नाशिकच्या धरणांतून पाणी सोडायचे, हे सूत्र त्यातून रूढ झाले. त्या लढाईचे महत्त्व कमी नाही. मराठवाड्याला त्यातून काही मिळाले. पण 'समन्यायी' म्हणजे कोणाकोणांत? धरणाधरणांत, जिल्ह्याजिल्ह्यांत. त्या लाभक्षेत्रात मजुरी करणारी भूमिहीन बाई या न्यायात कुठेच येत नाही. तिच्याकडे सात-बारा नाही, म्हणून तिला पाण्याची मागणी करता येत नाही.

याला पर्याय नव्हता असे नाही. पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी सत्तरच्या दशकात पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीवर नाही, कुटुंबातल्या माणसांवर मोजायचे; माणशी अर्ध्या एकराला पुरेल इतके. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. ऊस नाही. महाराष्ट्रात याचे कौतुक खूप झाले, पुरस्कारही मिळाले. कायद्याच्या कलमात मात्र हे तत्त्व उतरले नाही. पाणी पंचायतीवर आपल्याकडे कार्यकर्त्यांनी लिहिले, अर्थशास्त्रज्ञांनी लिहिले. भूमिहीनाच्या पाण्याच्या वाट्याला कायद्यात कसे उभे करायचे, कलम २१ त्यासाठी पुरेल की नवे कलम लागेल, हे काम वकिलांचे आहे आणि ते व्हायचे आहे.

महाडच्या दाव्याचे मोल मला इथे वाटते. तो आपल्याला एक वाचनाची रीत देतो. पाण्याचा कोणताही निकाल, लवादाचा निवाडा, प्राधिकरणाचा आदेश हातात आला की तीन गोष्टी पाहाव्यात. हक्क कशाला चिकटवला आहे : जमिनीला, घराला की माणसाला? न्यायालयाने कोणता प्रश्न 'गरज नाही' म्हणून सोडून दिला? आणि पक्षकारांच्या यादीत कोण नाही? चवदार तळ्याच्या दाव्यात नगरपालिका नव्हती. कृष्णेच्या निवाड्यात शेतकरी नव्हता. जायकवाडीच्या वादात भूमिहीन नाही.

साहित्याच्या समीक्षकांना गैरहजर माणसे शोधण्याची सवय असते. ती सवय त्यांनी कायद्याच्या कागदांकडेही वळवावी. सुरुवात म्हणून त्या १९३७ च्या निकालपत्राचा टिपणांसह मराठी अनुवाद विधी महाविद्यालयांत आणि मराठीच्या वर्गांतही वाचायला ठेवता येईल. तो फार पानांचा नाही. दर २० मार्चला महाडला जाणाऱ्यांच्या हाती तो पडला, तर आपण काय जिंकले याबरोबर काय मागायचे राहिले आहे, हेही त्यांना तिथेच तळ्याच्या काठी वाचता येईल.